चौकच्या स्थानकाचं दार
लेखमाला : चालतं शहर – लेखांक ९

लखनौच्या चौक बाजाराला दोन तोंडं आहेत. एका टोकाला गोल दरवाजा, दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा. मधल्या चिंचोळ्या वाटेवर चिकनच्या कुर्त्यांची दुकानं, अत्तरवाले, चांदीचं काम करणारे कारागीर आणि थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी मक्खन-मलाईचे थाळे मांडून बसलेले विक्रेते. इथे सायकलरिक्षाही बेताबेतानेच पुढे सरकते. याच वस्तीच्या पोटाखालून आता मेट्रो जाणार आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी लखनौ मेट्रोच्या या दुसऱ्या मार्गाला मंजुरी दिली. चारबाग ते वसंतकुंज, लांबी ११.१६५ किलोमीटर, स्थानकं १२, खर्च ५,८०१ कोटी रुपये. चारबाग, गौतम बुद्ध मार्ग, अमीनाबाद, पांडेगंज, सिटी रेल्वे स्थानक, मेडिकल चौराहा आणि चौक ही सात स्थानकं जमिनीखाली असतील. पुढे मार्ग वर येतो आणि ठाकूरगंज, बालागंज, सरफराजगंज, मूसाबाग अशी स्थानकं घेत खांबांवरून वसंतकुंजला पोचतो.

लखनौला मेट्रो नवी नाही. पहिल्या मार्गाचं काम सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग हा तुकडा तीनच वर्षांत, सप्टेंबर २०१७ मध्ये धावू लागला आणि मार्च २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया हा २२.८७ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. कामाचा हा वेग देशभर वाखाणला गेला आणि ते योग्यच होतं. पण तो मार्ग आलमबाग, हजरतगंज, इंदिरानगर अशा तुलनेने रुंद रस्त्यांवरून गेला. जुनं लखनौ, म्हणजे अमीनाबाद, याहियागंज, चौक, ठाकूरगंज, त्यात आलंच नाही. गर्दी सगळ्यात जास्त तिथे आणि जागा सगळ्यात कमीही तिथेच.

मागच्या लेखांकात मेट्रोचा पैसा कुठून येतो ते पाहिलं. या वेळचा प्रश्न त्याच्याइतकाच मोठा आहे: मार्ग ठरवताना लोकांना कधी विचारलं जातं, आणि काय विचारलं जातं?

आधी कामाचा क्रम समजून घ्यायला हवा. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार शहराने प्रथम सर्वंकष वाहतूक आराखडा करायचा. मग पर्यायांची तुलना करायची: मेट्रो हवी, ट्राम हवी, की वेगळ्या मार्गिकेतली बस पुरेल? त्यातून मेट्रो निवडली गेली तर सविस्तर प्रकल्प अहवाल, मग राज्याची मंजुरी, मग केंद्राची. यातला खरा निर्णय पर्यायांच्या तुलनेत होतो. रेघ कुठून जाणार, जमिनीवरून की खालून, स्थानकं किती, हे सगळं तिथे आणि प्रकल्प अहवालात ठरतं. सामान्य नागरिकाला मेट्रो दिसते ती रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहतात तेव्हा. त्या दिवशी मागवलेली सूचना म्हणजे वरातीमागून घोडं.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. शहराच्या विकास आराखड्याची गोष्ट वेगळी आहे. उत्तर प्रदेशात १९७३ च्या नगर नियोजन कायद्यानुसार आणि महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर कुणाकडूनही हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. त्यात ताकद किती असते हे मुंबईने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मसुदा आराखड्यावर सुमारे ६५ हजार हरकती आल्या आणि राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून काम नव्याने करायला सांगावं लागलं. मेट्रोच्या मार्गाला अशी सक्ती नाही. धरण किंवा खाणीसाठी पर्यावरण मंजुरीच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते. या मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत मेट्रोमार्ग असा प्रकारच नाही. १९७८ च्या मेट्रो बांधकाम कायद्यात हरकतीसाठी २१ दिवस आहेत, पण ते ज्याची जमीन किंवा इमारत जाते त्याच्यासाठी. त्या रस्त्याने रोज रुग्णालयात जाणारी परिचारिका, हातगाडीवाला, शाळकरी मूल यांना त्या नोटिशीत जागा नाही.

एक दार मात्र बाहेरून उघडलं. लखनौच्या पहिल्या मार्गासाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने ४५ कोटी युरोंचं कर्ज दिलं. या बँकेच्या नियमांत बाधित लोकांशी चर्चा आणि तक्रार ऐकण्याची यंत्रणा या अटी असतात. आपल्या माणसांचं ऐकण्याची अट परदेशी सावकाराच्या करारातून यावी, ही बाब खटकणारी आहे. ती अट इथल्याच कायद्यात असायला हवी.

गंमत अशी की, नगररचना लोकांना बरोबर घेऊन करायची असते हा विचार ज्यांनी भारतात पहिल्यांदा ठासून मांडला, ते लखनौत येऊन गेले होते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. शहरांची माहिती लोकांना दाखवण्यासाठी त्यांनी जमवलेलं प्रदर्शन ज्या बोटीने येत होतं, ती एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि १९१५ मध्ये मद्रासला मांडलं. १९१६ मध्ये त्यांनी लखनौच्या नगरपालिकेला शहराच्या नियोजनाचा अहवाल दिला. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढायला त्यांचा विरोध असे. आधी गल्ल्यांतून पायी हिंडायचं, माणसं कुठून येतात-जातात ते बघायचं आणि अगदी आवश्यक तेवढीच मोडतोड करायची, ही त्यांची रीत. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा रस्ताच बदलला. ज्या रस्त्यांवर लोकांनी सगळ्यात जास्त साफसफाई आणि डागडुजी केली असेल, तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं, आणि शहर कामाला लागलं. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. महाराष्ट्राच्या समाजशास्त्राची पाळंमुळं त्यांच्यापर्यंत जातात, पण शहर आखताना त्यांची ती पायी हिंडण्याची रीत आपण विसरलो.

उशिरा विचारलं की काय होतं, याचं मुंबईतलं उदाहरण अजून ताजं आहे. मेट्रो ३ च्या आरेतल्या कारशेडसाठी २,६४६ झाडं तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव आला. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात हरकती मागवण्याची तरतूद आहे, म्हणून त्या मागवल्या गेल्या. ८२ हजारांहून अधिक आल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. कारशेड कुठे असावी हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. लोकांना विचारलं गेलं ते झाडांबद्दल, जागेबद्दल नाही. ८२ हजार माणसांनी वेळ काढून लिहिलेल्या म्हणण्याला जाण्यासाठी वाटच उरली नव्हती.

त्याच मेट्रो ३ वर गिरगाव आणि काळबादेवीतही विरोध झाला. तिथल्या चाळी-इमारतींत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना भीती होती की भुयारी स्थानकासाठी जागा रिकामी केली की आपली रवानगी लांबच्या उपनगरात होईल. हा विरोध जमीन ताब्यात जाण्याआधी, २०१५ च्या सुमारास उभा राहिला आणि त्याला उत्तर मिळालं: त्याच परिसरात नव्या इमारती बांधून पुनर्वसन. स्थानकं गाळली गेली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात गाडी थांबू लागली. काही गोष्टी अजून ठरायच्या होत्या, म्हणून बोलण्याचा उपयोग झाला. अमीनाबादच्या दुकानदारांनी आरेपेक्षा गिरगावकडे अधिक बारकाईने पाहावं.

पुण्यात स्वारगेट-कात्रज भुयारी मार्गावर सुरुवातीला तीनच स्थानकं होती. साडेपाच किलोमीटरमध्ये तीन म्हणजे मधल्या वस्त्यांना गाडी पायाखालून जाताना ऐकू येणार, पण चढता येणार नाही. बालाजीनगर आणि बिबवेवाडीची मागणी लावून धरली गेली आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दोन स्थानकं वाढवली. खांबांवरच्या मार्गाला नंतर एखादं स्थानक जोडणं कठीण असतं. बोगदा पूर्ण झाल्यावर ते जवळपास अशक्यच.

लंडनची एलिझाबेथ लाइनही अशीच बदलली. तिथे एवढ्या मोठ्या रेल्वेमार्गासाठी संसदेत विधेयक आणावं लागतं आणि ज्याला झळ बसते त्याला समितीपुढे अर्ज करून स्वतः बाजू मांडता येते. २००५ मध्ये आलेल्या विधेयकात वुलिच हे स्थानक नव्हतं. समितीने लोकांचं ऐकलं, स्थानकाची शिफारस केली, त्याच्या खर्चावरून बराच वाद झाला, आणि २०२२ मध्ये मार्ग उघडला तेव्हा वुलिचला गाडी थांबली. फ्रान्स एक पाऊल आणखी मागे जातो. तिथे १९९५ च्या कायद्यानुसार मोठ्या प्रकल्पावर आराखडा पक्का होण्याआधीच सार्वजनिक चर्चा होते आणि ती घडवणारी संस्था प्रकल्प बांधणाऱ्यांपासून वेगळी असते. पॅरिसभोवतीच्या नव्या मेट्रोसाठी केंद्र सरकारचा एक आराखडा होता, तर प्रादेशिक सरकारचा दुसरा. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११ असे चार महिने दोन्ही एकाच वेळी लोकांपुढे ठेवले गेले. चर्चा संपता संपता दोघांनी मिळून एकच आराखडा मान्य केला.

लखनौचा दुसरा मार्ग या टप्प्यापलीकडे गेला आहे. रेघ ओढली गेली आहे, स्थानकांची नावंही ठरली आहेत. तरीही पुष्कळ काही उघडं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी अभियंत्याच्या टेबलावर दिसत नाहीत.

मेडिकल चौराह्याचं स्थानक घ्या. किंग जॉर्ज मेडिकल विद्यापीठाचं रुग्णालय तिथे आहे. पूर्व उत्तर प्रदेशातून माणसं तिथे येतात. कुणी स्ट्रेचरवर, कुणी नातवाच्या आधाराने, हातात तपासण्यांची पिशवी. स्थानकाचा जिना रस्त्याच्या पलीकडे उघडला तर गुडघ्याच्या रुग्णाला तो चौक पायी ओलांडावा लागेल. उद्वाहन बाह्यरुग्ण विभागाच्या बाजूला असावं की अपघात विभागाच्या, हे कुणाला विचारायचं? रोज तिथे येणाऱ्या नातेवाइकांना, वॉर्डबॉयना, औषधांच्या दुकानदारांना. दोन दिवस तिथे टेबल टाकून बसलं तरी उत्तर मिळेल.

याहियागंज भांड्यांचा घाऊक बाजार, पांडेगंज धान्याचा. दोन्ही ठिकाणी मालाच्या गाड्या कोणत्या वेळी येतात, हमाल कोणत्या तोंडाने माल उतरवतात, हे तिथल्या हमालाला पाठ असतं. स्थानकाचा खड्डा खणताना रस्त्याची कोणती बाजू आधी बंद करायची, हे त्याच्या माहितीवरून ठरलं तर बाजार जगेल. अमीनाबादमध्ये सणाच्या तोंडावर पत्रे कुठे असतील यावर कितीतरी दुकानांची वर्षाची कमाई अवलंबून आहे. चिकनचं काम बहुतेक बायका घरी बसून करतात. कापड घरी येतं, भरून झालं की परत जातं. त्या गल्ल्यांतून मेट्रोपर्यंत पोचायला ई-रिक्षा कुठे उभ्या राहतील, संध्याकाळी उजेड असेल का, हे त्याच सांगू शकतील. केंद्राचं धोरण स्थानकाच्या पाच किलोमीटर परिसरातल्या जोडसेवेचा विचार करायला सांगतं. मग ती सेवा कागदावर उतरताना या बायका समोर हव्यात.

रूमी दरवाजा आणि इमामबाड्यांच्या परिसरात वेगळा कायदा लागू होतो. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम वर्ज्य, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. या परिसरांच्या वारसा उपविधींचा मसुदाही हरकतींसाठी खुला करावा लागतो. लखनौकरांनी ही वाट वापरायला हवी.

आणि एक जागा चौक आणि ठाकूरगंजच्या मध्ये. तिथे कुठेतरी गाडी जमिनीखालून खांबांवर चढेल. गाडीला तीव्र चढ चढता येत नाही, त्यामुळे उतार लांब होतो, आणि त्यातला काही शे मीटरचा भाग रस्त्याच्या पातळीवर भिंतीसारखा उभा राहतो. तिथून रस्ता ओलांडता येत नाही. भिंतीच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला घरं असतील, तर मुलांना रोज वळसा पडेल. ओलांडायचा पूल किंवा भुयारी वाट कुठे ठेवायची, हे काँक्रीट ओतण्याआधी त्या दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन विचारता येईल.