‘सौ.’ कोणाच्या नावाआधी?

सातारा/सांगली - लग्नपत्रिकेचा मजकूर ठरविताना कुलदैवतांची नावे झटपट लिहून होतात. घोळ होतो तो स्त्रियांच्या नावांआधीच्या अक्षरांवर.

‘सौ.’ हे ‘सौभाग्यवती’चे संक्षिप्त रूप. शब्दाचा मूळ अर्थ भाग्यवान स्त्री एवढाच. त्यात पतीचा उल्लेख नाही. रूढीने मात्र हे भाग्य पतीच्या हयातीशी जोडले. वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ लिहितात. यातील ‘कां.’ म्हणजे कांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी. त्यावरील अनुस्वार पत्रिकेत हमखास गळतो. विवाहानंतर फक्त ‘सौ.’ लिहावे, ‘सौ. श्रीमती’ ही जोडी चुकीची आहे. शिवाय आदराची उपाधी इतरांनी लावायची असते. अर्जाखाली सही करताना स्वतःच ‘सौ.’ लिहिण्याची सवय मात्र इतकी रुळली आहे, की ती आता कोणाला खटकत नाही.

खरी अडचण ‘श्रीमती’ची आहे. हा शब्द कोणत्याही प्रौढ स्त्रीला लागू पडतो आणि सरकारी पत्रव्यवहारात तसाच वापरला जातो. हिंदीत तो प्रामुख्याने विवाहितेसाठी येतो. मराठी घरांत मात्र तो विधवेचा निदर्शक ठरल्याने, पती हयात असलेल्या स्त्रीला कार्यालयाचे पत्र ‘श्रीमती’ म्हणून आले, की घरात कुरबुर होते. इंग्रजीत ‘मिस’ आणि ‘मिसेस’ यांमधून वाट काढणारे ‘मिझ’ १९७०च्या दशकात रुळले. मराठीला ‘श्रीमती’ आयतेच उपलब्ध असून त्याचा उपयोग होत नाही.

वडील हयात नसलेल्या वधूच्या आईचे नाव कसे छापावे, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. पूर्वी ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी लिहीत. एप्रिल २०२३मध्ये तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी हीच उपाधी सुचविली, तेव्हा टीका झाली आणि निर्णय झालेला नसल्याचा खुलासा त्यांना करावा लागला. उपाधी कितीही पवित्र असली, तरी ती वेगळेपणच दाखविते, हा आक्षेप रास्त होता. त्याआधी मे २०२२मध्ये सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. राज्य सरकारनेही इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले.

नावाचा भार साताऱ्याला नवा नाही. ‘नकुशी’ नाव ठेवलेल्या जिल्ह्यातील दोनशेहून अधिक मुलींनी ऑक्टोबर २०११मध्ये नवी नावे घेतली. पत्रिकेवरही सर्वच स्त्रियांना ‘श्रीमती’ लावता येते किंवा उपाधी गाळता येते. सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९०मध्ये विधवा झाल्या आणि १८९३मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या नावाआधी ‘सौ.’ वा ‘गं. भा.’ कोणी लावत नाही.