भाव, किंमत आणि मोल : ग्राहकाच्या हिशेबातील काही मराठी शब्द

वस्तूची उपयुक्तता आणि तिच्यासाठी मोजावा लागणारा पैसा या दोहोंत भेद करणे हे अर्थशास्त्राच्या अभ्यासाचे पहिले पाऊल मानले जाते. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाण्याला बाजारात फारसे काही मिळत नाही. हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही, तरी त्याला मोठे द्रव्य पडते. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ॲडम स्मिथने हाच दाखला देऊन उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांची फोड केली. शास्त्राने केलेला हा भेद दोन पदांचा आहे. नित्याच्या व्यवहारात मराठी भाषा जो भेद करते तो याहून अधिक पदरी आहे. त्यातील काही पदांचा आणि त्यांच्या द्वारे ग्राहक जो हिशेब करतो त्याचा विचार येथे योजिला आहे.

१. भाव आणि किंमत

‘भाव’ हा संस्कृतातून आलेला शब्द. ‘किंमत’ हा अरबी मुळाचा, फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावलेला. आज हे दोन्ही शब्द समानार्थक म्हणून वापरले जातात आणि वर्तमानपत्री भाषेत त्यांतील सीमारेषा पुष्कळदा पुसट होते. तथापि बोलीतील प्रयोग तपासले असता एक व्यवस्था दिसून येते. कांद्याचा, ज्वारीचा, सोन्याचा ‘भाव’ असतो. पंख्याची, साडीची, पुस्तकाची ‘किंमत’ असते. जे मोजून, मापून अथवा तोलून घ्यावयाचे त्याला भाव, आणि जे नगाने घ्यावयाचे त्याला किंमत, अशी ही वाटणी आहे. म्हणजेच भाव हे परिमाणाशी बांधलेले गुणोत्तर होय, तर किंमत ही एका वस्तूबद्दल द्यावयाची रक्कम होय.

भाव विचारण्याची मराठी रीतही लक्षणीय आहे. ‘वांगी कशी दिली?’ या प्रश्नात ‘किती’ नसून ‘कशी’ आहे. उत्तर मात्र ‘वीस रुपये पाव’ असे परिमाणासह येते. परिमाणावाचून दिलेले उत्तर अपुरे ठरते. कोळिणीने मांडलेल्या मासळीच्या ‘वाट्या’ला ठरीव वजन नसते, तेथे परिमाणाचा अंदाज गिऱ्हाइकाची नजर करते आणि मग घासाघीस सुरू होते. ‘भाव करणे’ हा वाक्प्रचार याच क्रियेचा वाचक आहे. त्याच्या जोडीला ‘किंमत करणे’ हा प्रयोग आहे. पण त्याचा अर्थ वस्तूची वा व्यक्तीची योग्यता ठरविणे असा होतो, घासाघीस करणे असा होत नाही.

परिमाणे बदलली तरी ही व्यवस्था टिकून राहिली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आणली, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली, आणि शेर, मण, आणा हे व्यवहारातून गेले. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा चौथा हिस्सा सुमारे २३३ ग्रॅम भरतो. आज ‘पावशेर’ भाजी मागणाऱ्यास २५० ग्रॅम मिळते आणि त्यात कोणासच विसंगती वाटत नाही. शब्द जुना राहिला, माप नवे आले; परंतु मापावाचून भाव नाही हा नियम मोडला नाही.

२. पुडा आणि छापील किंमत

हा नियम मोडला तो बांधीव पुड्याने. बिस्किटे, चहा, साबणाची भुकटी हे वास्तविक तोलून घ्यावयाचे पदार्थ. पुड्यात शिरताच ते नग झाले आणि त्यांचा भाव जाऊन त्यांना किंमत आली. १९९० पासून कमाल किरकोळ विक्री किंमत छापण्याची पद्धत रूढ झाली. नावाप्रमाणे ही कमाल मर्यादा असली, तरी तिचा उच्चार ‘छापील किंमत’ असाच होतो आणि ग्राहक ती निश्चित किंमत म्हणून स्वीकारतो.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच रुपयांच्या पुड्यात १०० ग्रॅम माल होता, तो ८० ग्रॅम झाला असे समजू. किंमत पूर्वीचीच राहिली. भाव मात्र शंभर ग्रॅमला पाच रुपयांवरून सव्वासहा रुपयांवर गेला. माल २० टक्क्यांनी घटला, पण भाव २५ टक्क्यांनी चढला. ‘किंमत वाढविलेली नाही’ हे विक्रेत्याचे विधान अक्षरशः खरे आहे, आणि ग्राहकाचे नुकसानही तितकेच खरे आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात, कारण पहिले किंमतीविषयी आहे व दुसरे भावाविषयी.

आवेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांत काही पदार्थांची वजने ठरवून दिलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी दर एककाची विक्री किंमत पुड्यावर छापावी असे ठरविले. भाषेच्या दृष्टीने पाहता हरवलेला भावच येथे परत आणलेला आहे. परंतु एक किलोहून लहान पुड्यावर हा भाव ग्रॅमला आणि मोठ्या पुड्यावर किलोला लिहावयाचा असतो, तसेच तो रुपयाच्या दोन दशांश स्थळांपर्यंतच द्यावयाचा असतो. त्यामुळे वरील उदाहरणातील ६.२५ पैशांचा भाव पुड्यावर ०.०६ रुपये असा दिसेल, आणि २५ टक्क्यांची वाढ २० टक्क्यांचीच भासेल. मंडईत ज्याला कोणी ग्रॅमचा भाव विचारीत नाही त्याच्यापुढे ग्रॅमचा भाव ठेवणे हे माहिती देणे झाले. समजावून देणे झाले नाही.

३. पडणे आणि परवडणे

नामांनी जे साधत नाही ते मराठीत दोन क्रियापदे साधतात. ‘हे कितीला घेतले?’ या प्रश्नाहून ‘हे कितीला पडले?’ हा प्रश्न वेगळा आहे. पहिला दुकानाच्या पायरीवर संपतो. दुसऱ्यात वाहतूक, दुरुस्ती, वापर आणि टिकाऊपणा यांचाही समावेश होऊ शकतो. साठ वॉटचा जुन्या धाटणीचा दिवा रोज पाच तास जळल्यास वर्षाला सुमारे ११० युनिट वीज लागते. तेवढाच प्रकाश देणाऱ्या नऊ वॉटच्या एलईडी दिव्यास सुमारे साडेसोळा युनिट पुरतात. युनिटला आठ रुपये धरल्यास वर्षाकाठी साडेसातशे रुपयांच्या आसपास फरक पडतो. म्हणून जुना दिवा ‘स्वस्त मिळतो’ पण ‘महाग पडतो’. मिळणे आणि पडणे यांतील हा विरोध सांगण्यास मराठी माणसास कोणतीही शास्त्रीय परिभाषा लागत नाही.

‘परवडणे’ या क्रियापदाची रचनाही विचारार्ह आहे. ‘मला हे परवडत नाही’ या वाक्यात वस्तू प्रथमेत आहे, व्यक्ती चतुर्थीत. परवडणे हा केवळ वस्तूचा गुण नव्हे, तसाच तो केवळ व्यक्तीचाही नव्हे. तो दोहोंमधील संबंध आहे. एलईडी दिवा कमी खर्चात पडतो हे ठाऊक असूनही आजच्या मजुरीत तो घेणे ज्याला परवडत नाही, त्याला स्वस्तातला दिवा घेऊन वर्षभर महाग वीज भरावी लागते. त्याचा हिशेब चुकलेला नसतो; त्याच्या हाती रोकड नसते.

४. मोल

संस्कृत ‘मूल्य’ शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीय परंपरा ‘मूल’ म्हणजे मुद्दल या शब्दापासून देते. प्राकृत ‘मोल्ल’ या रूपातून मराठीत ‘मोल’ आला, आणि ‘मूल्य’ तत्सम रूपानेही राहिला. ‘मोलाचा सल्ला’, ‘अमोल’ या प्रयोगांत तो पैशाच्या पलीकडील योग्यता दाखवितो. ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ या शब्दांत मात्र तो विकत घेतलेल्या श्रमाचा वाचक आहे.

सेवांचा मोबदला सांगताना मराठीत हा दुभंग ठळकपणे दिसतो. गवयाला बिदागी, भटजींना दक्षिणा, वक्त्याला मानधन, वकिलाला फी, नोकरदाराला पगार, आणि शेतात राबणाऱ्याला मजुरी. रक्कम सांगण्यापूर्वीच शब्द घेणाऱ्याची प्रतिष्ठा सांगून टाकतो. यांपैकी फक्त सर्वांत कमी मोबदला घेणारीच्या नावात ‘मोल’ शब्द राहिला. महाराष्ट्राच्या २००८ च्या कल्याण मंडळाच्या कायद्याने ‘घरेलू कामगार’ ही संज्ञा योजिली, तिच्यामागे हेच भान असावे. तथापि भांडी घासण्याच्या कामाचा ‘भाव’ आजही घरागणिक ठरतो, आणि तो ठरविताना त्या कामामुळे त्या घरातील दुसऱ्या कोणाला नोकरीवर जाता येते हे मोल जमेस धरले जात नाही.

सारांश, भाव परिमाणाकडे पाहतो, किंमत व्यवहाराच्या क्षणाकडे, पडणे काळाकडे, परवडणे घेणाऱ्याच्या स्थितीकडे आणि मोल योग्यतेकडे. छापील किंमत यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. उरलेले चार प्रश्न ग्राहकालाच विचारावे लागतात, आणि ते विचारण्याची साधने त्याच्या भाषेत पूर्वापार उपलब्ध आहेत. ग्राहकशिक्षणाची मराठी परिभाषा घडविणाऱ्यांनी नव्या संज्ञा बनविण्यापूर्वी या शब्दांचा उपयोग करून पाहावा. ‘दर एककाची विक्री किंमत’ हे पद ज्याला समजावून सांगावे लागते, त्याला ‘भाव काय?’ हे सांगावे लागत नाही.