व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर: वाइंडरला काय सांगायचं?

ठाणे जिल्ह्याला ट्रान्सफॉर्मरचं अप्रूप नाही. ऐरोलीत भारत बिजलीचे पॉवर ट्रान्सफॉर्मर बनतात. वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत वाइंडिंगची कामं करणारे कारागीरही आहेत. तरी व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर बांधणारा हौशी माणूस आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागायला गेला की गाडं अडतं. कारागिराचा हात 50 हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरवर बसलेला असतो आणि हे प्रकरण वेगळं असतं. नेमका फरक कागदावर मांडून दिला, तर काम इथल्या इथे होऊ शकतं.

आधी गुणोत्तर

व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो 8 ओहमचा. या दोघांची सांगड ट्रान्सफॉर्मर घालतो. समजा, पुश-पुल जोडीला 5,000 ओहम हवेत. 5,000 भागिले 8 म्हणजे 625. त्याचं वर्गमूळ 25. प्रायमरीचे वेढे सेकंडरीच्या 25 पट हवेत.

खर्जासाठी लोखंड

50 वॅटसाठी या प्रायमरीवर 500 व्होल्ट येतात. कोअरचा छेद 12 चौरस सेंमी आणि चुंबकीय घनता 1.2 टेस्ला धरली, तर 50 हर्ट्झला साधारण 1,560 वेढे पुरतात. पण 30 हर्ट्झपर्यंतचा खर्ज पूर्ण ताकदीने हवा असेल, तर सुमारे 2,600 लागतात. नेहमीच्या हिशेबाने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड खालच्या स्वरांना संपृक्त होतं आणि आवाज फाटतो. स्टॅम्पिंग सीआरजीओ पोलादाचं घेतलेलं बरं.

पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हच्या डीसी प्रवाहांचे कोअरवरचे परिणाम एकमेकांना रद्द करतात, म्हणून ‘ई’ आणि ‘आय’ पत्रे आलटून-पालटून भरायचे. सिंगल-एंडेडमध्ये डीसी एकाच दिशेने वाहतो. तिथे सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हिशेबाने कागदाची फट ठेवायची. पत्रे नेहमीच्या सवयीने भरले, तर सिंगल-एंडेडचा सगळा खटाटोप वाया जातो.

वरच्या स्वरांसाठी थर

आधी सगळी प्रायमरी, तिच्यावर सगळी सेकंडरी, ही नेहमीची पद्धत इथे चालत नाही. त्याने लीकेज इंडक्टन्स वाढतो आणि वरचे स्वर दबतात. उपाय म्हणजे थर एकमेकांत मिसळणे. प्रायमरीचे 650 वेढ्यांचे चार भाग करायचे आणि त्यांच्या मधल्या तीन जागी सेकंडरी बसवायची. आतून पहिला व चौथा भाग मिळून एक अर्ध, दुसरा व तिसरा मिळून दुसरं. म्हणजे दोन्ही अर्धांचा रोध जवळपास सारखा येतो.

सेकंडरीचे तिन्ही भाग 104 वेढ्यांचे ठेवून समांतर जोडायचे. इथे मोजणी काटेकोर हवी. एका भागात एक वेढा जरी कमी-जास्त झाला, तरी तिन्ही भागांत आपापसात प्रवाह फिरत राहतो आणि ताकद उष्णतेत जाते. भाग वाढवत नेले तर मात्र कपॅसिटन्स वाढतो. म्हणून चार-तीनची मांडणी हा चांगला मध्यम मार्ग.

दाब आणि पावसाळा

845 सारखा व्हॉल्व्ह सुमारे 1,000 व्होल्टवर चालतो आणि सिग्नलच्या शिखरावर त्याच्या प्लेटचा दाब क्षणभर दुपटीजवळ पोहोचू शकतो. म्हणून प्रायमरी-सेकंडरीमध्ये मायलरचे एकाहून अधिक पदर द्यायचे, बॉबिनच्या कडेला काही मिलिमीटर जागा कोरी सोडायची आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक टोकावर स्लीव्ह चढवायची. कडेचा वेढा घसरून खालच्या थरात उतरला, तर ठिणगी तिथेच पडते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत इन्शुलेशनचा कागद ओल धरतो. जून ते सप्टेंबर वाइंडिंग करायचं तर गुंडाळी आधी ओव्हनमध्ये सुकवावी, मग वार्निशमध्ये बुडवून पुन्हा भाजावी. ओल आत ठेवून वार्निश केलं, तर ती आतच कोंडली जाते.

माल ताब्यात घेताना

आधी मेगरने प्रायमरी-सेकंडरी आणि वाइंडिंग-कोअर यांच्यातलं इन्शुलेशन तपासून घ्या. मग सेकंडरीला 1 व्होल्ट एसी द्या. प्रायमरीवर 25 व्होल्ट आणि प्रायमरीच्या दोन अर्धांमधल्या टॅपपासून दोन्ही टोकांना साडेबारा-साडेबारा दिसले पाहिजेत. दोन बाजूंत फरक दिसला, तर जोडणी चुकली आहे किंवा वेढे.

अॅम्प्लिफायर चालू असताना स्पीकर काढू नका. भार सुटला की प्रायमरीवरचा दाब उसळतो आणि इन्शुलेशन फुटू शकतं. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो, तेव्हा ब्लीडर रेझिस्टर लावाच आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका.