गारठलेल्या बोटांचे पदार्थविज्ञान

मार्गशीर्ष-पौषात भल्या सकाळी पंचगंगेवर धुके उतरलेले असते. अशा दिवशी सायकलवरून शाळेत आलेल्या मुलांचे हात एकदा लक्ष देऊन पाहा. कुणाला पहिल्या तासाला पेन नीट धरता येत नाही, कुणी हात काखेत दाबून बसलेला असतो. एवढे सर्वांचेच होते. पण एखादी मुलगी अशी असते की तिची दोन-तीन बोटे टोकापासून मधल्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडतात. पांढरा भाग कोठे संपतो तेथे जणू रेघ मारलेली असते. मग बोटे निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकू लागतात. घरी सांगावे तर उत्तर ठरलेले असते : "अंगात रक्त कमी आहे, बीट खा." आजीची बोटे सकाळी आखडली, सांधे दुखले, तर तेही उत्तर तयार असते : "वात आहे, दुसरे काय!"

पण रक्त कमी असणे आणि रक्त न पोहोचणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही तोटीला धार येत नाही, हा अनुभव तुम्हाला असेलच. तेव्हा आपण टाकीत पाणी ओतत बसत नाही, नळी कोठे अडली ते पाहतो. बोटांच्या बाबतीतही तसेच करू.

प्रथम, बोटेच का गारठतात? यासाठी थोडे गणित पुरे. बोट म्हणजे एक वृत्तचिती समजा. वृत्तचितीच्या वक्रपृष्ठाच्या क्षेत्रफळाला घनफळाने भागले की उत्तर येते २ भागिले त्रिज्या. म्हणजे त्रिज्या जितकी लहान, तितका उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग घनफळाच्या मानाने मोठा. बोटाची त्रिज्या ०.८ सेंटिमीटर आणि धडाची १४ सेंटिमीटर धरली, तर बोटाचे हे गुणोत्तर धडाच्या १७ पटींहून अधिक भरते. शिवाय बोटात उष्णता निर्माण करणारे मोठे स्नायू नाहीत. बोटे हलवणारे स्नायू बहुतेक कोपरापुढच्या हातात आहेत आणि ते लांब दोऱ्यांनी, म्हणजे कंडरांनी, बोटे ओढतात. तेव्हा बोटाला ऊब मिळते ती जवळजवळ सगळी रक्तातून.

आणि थंडीत शरीर नेमका हाच पुरवठा तोडते! हृदय, मेंदू, यकृत यांचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलेच पाहिजे. म्हणून थंडी वाजली की चेताव्यूहाकडून हुकूम सुटतो आणि बोटांच्या बारीक धमन्यांच्या भिंतींतले स्नायू आवळले जातात. रक्त आतल्या आत राहते, उष्णता वाचते. ही सोय उत्तम आहे. बिघाड होतो तो तोटी जरा जास्तच आवळली गेली म्हणजे.

जरा जास्त म्हणजे किती? येथे आपल्याला एका फ्रेंच माणसाची मदत घ्यावी लागेल. त्याचे नाव प्वाझय. आपल्याकडे कॉलेजात त्याला सर्रास पॉइझुली म्हणतात, तेव्हा आपणही तसेच म्हणू. हा गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर होता. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे समजून घेण्यासाठी त्याने काचेच्या अतिशय बारीक नळ्यांतून पाणी सोडून वर्षानुवर्षे मोजमापे केली आणि १८४० च्या सुमारास आपला नियम मांडला. (हागेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८३९ मध्ये स्वतंत्रपणे तेच दाखवले होते.) नियम असा : नळीतून दर सेकंदाला वाहणारा द्रव दाबातील फरकाच्या समप्रमाणात असतो, नळीची लांबी आणि द्रवाची श्यानता यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात असतो.

चौथा घात! बारावीची मुले हे सूत्र घोकतात आणि पुढे जातात, पण सगळी गंमत त्या चारच्या आकड्यात आहे. त्रिज्या फक्त एकदशांशाने कमी झाली तर प्रवाह ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के उरतो. त्रिज्या एकपंचमांशाने घटली तर ४१ टक्के. निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा! त्यातच थंडीने रक्ताची श्यानताही वाढते, म्हणजे ते दाट होते. रक्तवाहिन्या काचेच्या नळ्यांसारख्या ताठ नसतात आणि रक्त म्हणजे साधे पाणी नव्हे, त्यामुळे हा नियम शरीराला तंतोतंत लागू पडत नाही. पण रोख तोच राहतो. धमनी डोळ्यांना दिसणारही नाही इतकी आवळली, तरी बोट पांढरे पडण्यास तेवढे पुरते.

या पांढऱ्या-निळ्या-लाल बोटांचे वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या आपल्या प्रबंधात केले. म्हणून या प्रकाराला 'रेनोचा विकार' म्हणतात. पांढरा रंग रक्त थांबल्याचा, निळा रंग साचलेल्या रक्तातला प्राणवायू संपल्याचा आणि लाल रंग तोटी एकदम उघडल्याचा. बहुतेकांना हा त्रास वयाच्या विशीच्या आसपास सुरू होतो, मुलींना अधिक होतो, दोन्ही हातांना होतो, आणि तो धोक्याचा नसतो. नुसता काचणारा असतो. थंडीप्रमाणे परीक्षेच्या धास्तीनेही तो येऊ शकतो, कारण भीतीने सुटणारा चेतातंतूंचा हुकूमही तोच आहे.

मग करायचे काय? लोक हातमोजे घालतात. चांगले आहे, पण पुरेसे नाही. तोटीवरचा हुकूम नुसता बोटातून सुटत नाही, तो धडाच्या तापमानावरूनही ठरतो. हे घरी ताडून पाहता येईल. प्रयोगशाळेतला तापमापक (तापाचा नको, त्याची खूण ३५ अंशांच्या पुढे सुरू होते) अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पाच मिनिटे धरून तापमान लिहून ठेवा. मग हात उघडेच ठेवून अंगावर घोंगडे घ्या आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. हाताला काहीही न करता बोटांचे तापमान बहुधा चढलेले दिसेल. धनगरी घोंगड्याच्या लोकरीत अडकून राहणारी हवा उष्णतेची किती वाईट वाहक आहे, हे आपल्या मेंढपाळांना पॉइझुलीच्या आधीपासून ठाऊक आहे.

दुसरा उपाय तुम्हाला नक्की आवडेल. हात सरळ ठेवून खांद्यातून गोल फिरवा, सेकंदाला एक फेरा. खांद्यापासून बोटांपर्यंतचे अंतर ०.७ मीटर धरले तर बोटांशी त्वरण येते सुमारे २८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ तिप्पट. अपकेंद्री परिणामामुळे बोटांतल्या रक्ताचा दाब सुमारे ७५ मिलिमीटर पाऱ्याइतका वाढतो आणि आवळलेल्या वाहिन्या आतून फुगवल्या जातात. खांदा दुखणाऱ्यांनी मात्र हा खेळ करू नये, आणि वर्गात तर कुणीच करू नये! बधिर हात एकदम कढत पाण्यात घालू नयेत. पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. कोमट पाणी पुरते.

या तोटीचा एक जुना वैरी आपल्या अगदी शेजारी पिकतो. निपाणीचा तंबाखू. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक धमन्या आवळल्या जातात. मग ते बिडीतून जावो वा मिश्रीतून. बिडी हा पुरुषांचा दोष आणि मिश्री म्हणजे दात घासण्याची पूड, असे अनेक घरांत अजून समजतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच, आणि निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात उतरते. सकाळी गार पाण्यात धुणे धुणारी बाई त्याच वेळी मिश्री लावत असेल, तर तिच्या बोटांवर दोन बाजूंनी आघात होतो. बिडी ओढणाऱ्या तरुण माणसांच्या हातापायांच्या वाहिन्या सुजून बंद पडण्याचा एक वेगळा रोग आहे. लिओ बर्गरने १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो बर्गरचा रोग. त्यात तंबाखू पूर्ण सुटला नाही तर बोटे कापण्याची वेळ येते.

आता कोल्हापूरची ओळख असलेल्या धंद्याकडे येऊ. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथल्या फाऊंड्रींत वाळूच्या साच्यात ओतीव काम होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचे धातूचे जादा कंगोरे हातातल्या ग्राइंडरने घासून काढतात. त्याला फेटलिंग म्हणतात. समजा, ग्राइंडर मिनिटाला ६००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १००, आणि त्याची मूठ फक्त ०.१ मिलिमीटर मागेपुढे थरथरते. तुच्छ वाटते ना? सरल आवर्त गतीचे सूत्र लावा : महत्तम त्वरण म्हणजे कोनीय वारंवारतेचा वर्ग गुणिले आयाम. उत्तर येते सुमारे ३९ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या चौपट! सगळी कंपने हाताला सारखी जाचत नाहीत, म्हणून मोजताना वर्गमध्यमूळ काढून वारंवारतेप्रमाणे भार देतात. ती वजावट करूनही सुमारे ४.५ उरतात. युरोपात २००२ च्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या कामाला ही संख्या २.५ च्या वर गेली की मालकाने उपाययोजना सुरू केली पाहिजे, आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. आमचे उदाहरण कल्पित असले तरी झिजलेल्या, तोल गेलेल्या चाकाच्या ग्राइंडरने याहून अधिक कंपने येऊ शकतात.

अशी कंपने वर्षानुवर्षे सोसली की बोटांच्या चेता आणि वाहिन्या दोन्ही बिघडतात. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडावर हवेच्या हातोड्याने काम करणारे कारागीर डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तपासले. त्यांची बोटे गार सकाळी पांढरी आणि बधिर होत, आणि छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला अधिक त्रास होता. हॅमिल्टनबाईंनी हत्यार, हात आणि हवामान यांचा मेळ घातला म्हणून कारण सापडले. तुमच्या घरी कुणी फेटलिंगचे काम करत असेल तर एवढे विचारा : सकाळी बोटे पांढरी होतात का, मुंग्या येतात का, शर्टाची गुंडी लावताना अडखळायला होते का? त्रास सुरुवातीलाच ओळखून कंपन कमी केले तर तो बराच मागे हटू शकतो. फार उशीर झाला तर हटत नाही. चाकाचा तोल राखणे, मूठ गरजेपेक्षा घट्ट न आवळणे, मध्ये मध्ये काम बदलणे, हात कोरडे व उबदार ठेवणे, हे उपाय त्यासाठीच आहेत. साध्या हातमोज्यांनी ऊब राहते, कंपन फारसे थांबत नाही.

सांधेदुखीचेही थोडेफार असेच आहे. 'कारण कळत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'कारण अजून शोधलेले नाही' असा असतो. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तापाबरोबर सांधे धरण्याची साथ आली. तो चिकुनगुन्या होता. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा पसरला, आणि ताप उतरल्यावरही कित्येकांची बोटे महिनोन्‌महिने दुखत राहिली. उतारवयात बोटांच्या टोकाकडचे सांधे झिजून गाठाळतात, तो निराळा प्रकार. सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास बोटे आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेराशी असलेले सांधे सुजतात, तेव्हा संधिवाताची शंका घ्यावी लागते. त्यात औषध जितके लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात. आणि पांढरी पडणारी बोटे व सांधेदुखी ही दोन्ही एकाच माणसाला असतील, किंवा चाळिशीनंतर नव्यानेच बोटे पांढरी पडू लागली, एकाच हाताची पडू लागली, टोकाला जखम झाली, तर बीट खाऊन वाट पाहत बसू नये. तांब्याचे कडे घालूनही नव्हे. संधिवातावर त्याची रीतसर चाचणी झालेली आहे. गुण आढळला नाही.

दुखऱ्या सांध्याला दिलासा देण्यास मात्र तरफेचा नियम कामी येतो. बोटाच्या टोकावर १ किलोग्रॅम भार आहे आणि टोक मुळाच्या सांध्यापासून ८ सेंटिमीटर दूर आहे असे धरा. बोट मुडपणारी कंडरा त्याच सांध्यापासून जेमतेम १ सेंटिमीटरवर असते. तोल सांभाळायला तिला ८ किलोग्रॅम भाराइतकी ओढ द्यावी लागते, आणि तेवढा दाब सांध्यावर येतो! म्हणून पिशवी बोटांच्या टोकांवर न अडकवता कोपराशी घ्यावी, उलथन्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, चादर पिळण्याऐवजी दोरीवर निथळत टाकावी.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. कोणते बोट, किती वाजता, किती मिनिटे, रंग कोणता, हात आधी कशात होता, घरात कोणती औषधे चालू आहेत. रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही गोळ्यांनीही बोटांच्या धमन्या आवळतात. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत बोटे पूर्ववत झालेली असतात, तेव्हा पांढरी असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टर कदाचित तुमच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहतील. तेथील केशवाहिन्या आकड्यांसारख्या ओळीने दिसतात, आणि काही रोगांत त्या वेड्यावाकड्या फुगलेल्या किंवा नाहीशा झालेल्या असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली वरून प्रकाश पाडून, खोबरेल तेलाचा थेंब लावलेले आपले अनामिकेचे नख ठेवून पाहा. पॉइझुलीला ज्या नळ्यांचे कोडे पडले होते, त्या तेथे दिसतील.