मोबाईलमधले फोटो विकून पैसे मिळतात का? स्टॉक फोटोग्राफीचा खरा हिशोब



"सर, घरबसल्या फोटो विकून महिन्याला पन्नास हजार मिळतात असं एका रीलमध्ये बघितलं. खरं आहे का?"

हा प्रश्न कॉलेजच्या मुलांपासून निवृत्तीला आलेल्या काकांपर्यंत सगळे विचारतात. व्हिडिओत आकडे भरभर सांगावे लागतात, म्हणून इथे सगळं सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी उत्तर. फोटो विकले जातात. पैसेही मिळतात. पण पन्नास हजारांचं स्वप्न बघून कोणी हप्त्यावर कॅमेरा घ्यायला निघालं असेल, तर दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरा. आधी हे वाचा.

हा धंदा म्हणजे आडत

मार्केट यार्डात शेतकरी माल आणतो, आडत्या तो विकतो आणि आपली आडत कापून घेतो. स्टॉक फोटोचंही तसंच आहे. तुम्ही फोटो एजन्सीच्या वेबसाइटवर टाकता. जाहिरात कंपनी, वर्तमानपत्र, शाळेचं पुस्तक छापणारा असा कोणीतरी तो डाउनलोड करतो. एजन्सी आपला वाटा ठेवून उरलेले तुम्हाला देते.

फरक दोन. एक, तोच माल शंभर वेळा विकता येतो, कारण ग्राहक फोटो विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो. मालकी तुमचीच राहते. दोन, इथे आडत उलटी आहे. मोठा वाटा आडत्याचा, लहान वाटा तुमचा.

आयस्टॉक २००० साली सुरू झालं, शटरस्टॉक २००३ मध्ये. अडोबीने फोटोलिया ही एजन्सी विकत घेतली आणि २०१५ मध्ये अडोबी स्टॉक आणलं. आपल्याकडे संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये भारतीय चेहऱ्यांच्या आणि भारतीय विषयांच्या फोटोंसाठी इमेजेसबझार सुरू केलं. त्यांची भाषणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असतील, पण त्यांचा मूळ धंदा फोटोंचा, हे अनेकांना माहीत नसतं.

आता पैशाचं बोलू

अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीवर ३३ टक्के देतं. शटरस्टॉकने २०२० मध्ये पायऱ्यांची पद्धत आणली. सुरुवात १५ टक्क्यांवर. वर्षात १०० डाउनलोड पार झाले की २० टक्के, २५० नंतर २५, ५०० नंतर ३०. सगळ्यात वरची पायरी ४० टक्क्यांची, पण ती २५,००० डाउनलोडनंतर. आणि दरवर्षी १ जानेवारीला पाटी कोरी, पुन्हा १५ टक्क्यांपासून सुरुवात.

बहुतेक मोठे ग्राहक महिन्याची वर्गणी भरून ढिगाने फोटो घेतात. त्यामुळे एका डाउनलोडला तुमच्या हातात काही सेंटच पडतात. शटरस्टॉकवर कमीत कमी रक्कम १० सेंट आहे.

समजा, तुम्हाला एका डाउनलोडला सरासरी ३३ सेंट मिळाले आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला. अडोबीवर पैसे काढायला किमान २५ डॉलर जमावे लागतात. म्हणजे ७६ डाउनलोड झाले की २,१०० रुपयांच्या आसपास हातात. सरासरी १० सेंटवर आली, तर त्याच पैशांना २५० डाउनलोड लागतील.

आता कॅमेऱ्याचा हप्ता महिन्याला ३,००० रुपये धरा. ३३ सेंटच्या हिशोबाने फक्त हप्ता फेडायला दर महिन्याला १०७ डाउनलोड हवेत. नफा त्याच्यापुढे. म्हणून सांगतो, आधी हातात आहे त्या मोबाईलवर सुरू करा. शटरस्टॉक आणि अडोबी, दोन्हीकडे फोटो किमान ४ मेगापिक्सेलचा लागतो, आणि आजचा साधा मोबाईलही त्यापेक्षा मोठा फोटो काढतो.

निफाडच्या पोराची गोष्ट

आपला एक प्रेक्षक निफाड तालुक्यातला. कृषी सेवा केंद्रात नोकरी आणि फोटोची हौस. नाव नको म्हणाला, पण अनुभव सांगायला हरकत नाही म्हणाला.

त्याने सुरुवात सगळे करतात तशीच केली. सूर्यास्त, गुलाब, मांजर. एजन्सीने काही घेतले, पण विकला एकही गेला नाही. का जाईल? सूर्यास्ताचे फोटो एजन्सीकडे लाखोंनी पडलेत. यार्डात कांद्याची आवक वाढली की भाव पडतो, हे निफाडच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

मग त्याने रोज डोळ्यासमोर असतं ते टिपायला सुरुवात केली. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी. घडांची विरळणी करणाऱ्या बायका. कांदा चाळ. ठिबकची नळी जोडणारे हात. टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करणारा गिऱ्हाईक. त्याला हे फोटो 'काही विशेष नाहीत' असे वाटायचे. पण शेतीकर्जाची जाहिरात करणाऱ्या बँकेला, ठिबकवर लेख छापणाऱ्या मासिकाला नेमकं हेच लागतं, आणि दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओत कांदा चाळ कुठून आणणार?

तरीही माल परत यायचा. अंधाऱ्या चाळीत काढलेले फोटो दाणेदार म्हणून नाकारले, म्हणून तो सकाळच्या उजेडात जायला लागला. ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव, क्रेटवरचा छाप, खताच्या गोणीवरचा लोगो, यावरूनही बरेच परत आले. जाहिरातीसाठी वापरायच्या फोटोत दुसऱ्याचा ब्रँड चालत नाही. मग तो गोणी उलटी करून ठेवायला लागला. एवढंच. पाच सेकंदांचं काम, पण कळायला तीन महिने गेले.

सहा महिन्यांत त्याचे ११२ फोटो स्वीकारले गेले आणि डाउनलोड झाले ४१. पहिले २५ डॉलर जमले ते अकराव्या महिन्यात. रीलमध्ये हे अकरा महिने दिसत नाहीत.

"कर्जाच्या कागदावर माझं तोंड नको"

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

शेजारच्या मळ्यात एक आजी कांदा निवडत बसल्या होत्या. तिरपं ऊन चेहऱ्यावर आलेलं, फोटो झकास आला. पण ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याची लेखी संमती नसेल तर एजन्सी तो फोटो जाहिरातीच्या वापरासाठी घेत नाही. या संमतीपत्राला मॉडेल रिलीज म्हणतात. पोरगा कागद घेऊन गेला. आजींचा मुलगा म्हणाला, "सही कशाला रे? सातबाऱ्यावर बोजा चढवतो का काय?"

सगळे हसले. पण पोराने कागद मराठीत वाचून दाखवला आणि खरं ते सांगितलं. "मामा, फोटो कोण घेईल ते आपल्या हातात नाही. खताच्या जाहिरातीत लागेल, पुस्तकात लागेल, बँकेच्या कर्जाच्या जाहिरातीतपण लागू शकतो."

आजी म्हणाल्या, "नको रं बाबा. कर्जाच्या कागदावर माझं तोंड नको. त्या कर्जापायी काय सोसलंय ते या घराला माहिती. हात घे माझे, हवे तेवढे घे."

तो फोटो त्याने मोबाईलमधून आजींसमोरच काढून टाकला आणि फक्त हात टिपले. मातीने भरलेले, कांद्याची पात मोडणारे, कोणाचे ते ओळखू न येणारे. आज त्याचा सगळ्यात जास्त विकला गेलेला फोटो तोच आहे. पहिले पैसे आले तेव्हा त्याने आजींना लुगडं नेऊन दिलं.

मित्रांनो, लुगड्याची सक्ती कोणत्याही करारात नाही. पण समोरच्याला आपण काय विकतोय ते स्पष्ट सांगणं, हा कायद्याच्या आधीचा नियम आहे. गावात धंदा करायचा तर पत हेच भांडवल. आजींना न सांगता तो चेहरा उद्या गावच्या चौकात कर्जाच्या फलकावर झळकला असता, तर या पोराला पुन्हा कोणी मळ्यात पाऊल ठेवू दिलं असतं का?

कागदपत्रांचे चार नियम

१. चेहरा ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीज. लहान मूल असेल तर पालकांची सही. खाजगी घर किंवा दुकान ठळक दिसत असेल तर मालकाचीही परवानगी.

२. वारी, बाजार, मिरवणूक अशा गर्दीच्या फोटोंना प्रत्येकाची सही शक्य नसते. ते 'एडिटोरियल' म्हणून टाका. असे फोटो बातमी-लेखासाठी वापरता येतात, जाहिरातीसाठी नाही. ठिकाण, तारीख आणि प्रसंग खरा लिहायचा.

३. इमारतींचीही भानगड असते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या रूपाची २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली. पर्यटक म्हणून फोटो काढा, घरी लावा. जाहिरातीत वापरायला विकताना मात्र विचार करा.

४. अमेरिकन एजन्सी असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा कराचा फॉर्म पॅन नंबर देऊन भरा. तो नसेल तर तिथल्या विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कर कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर तो १५ टक्के होतो. आपल्याकडच्या विवरणपत्रातही हे उत्पन्न दाखवायचं असतं. रक्कम छोटी असली तरी एकदा सीएला विचारून घ्या.

विक्रीचं गणित: हंगाम आणि शब्द

राखीचा धंदा करणारा माल रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी भरतो का? जाहिरातवाले सणाची तयारी आधीच करतात. गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, संक्रांतीचे तिळगूळ यांचे फोटो दोन-तीन महिने आधी एजन्सीवर हवेत. सरळ उपाय म्हणजे यंदाच्या सणाला पुढच्या वर्षाचा माल तयार करून ठेवा.

दुसरं, शोधशब्द. फोटो कितीही चांगला असला तरी ग्राहकाला सापडलाच नाही तर काय उपयोग? अडोबीवर ४९ आणि शटरस्टॉकवर ५० शब्द देता येतात. पुरणपोळीच्या फोटोला फक्त 'पुरणपोळी' लिहून भागत नाही. परदेशातला ग्राहक 'इंडियन स्वीट', 'फ्लॅटब्रेड', 'होळी फूड' असं शोधतो. दोन्ही लिहा, इंग्रजी अक्षरांत. अडोबीवर शब्दांचा क्रमही मोजला जातो, म्हणून नेमके शब्द पहिल्या दहात ठेवा. आणि जागा आहे म्हणून काहीही भरू नका.

एआय आल्यावर हे टिकेल का?

प्रश्न बरोबर आहे. ऑफिसात हसत हात मिळवणारे लोक, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं सफरचंद, असे फोटो आता कोणीही एआयकडून करून घेऊ शकतो. असा माल विकून पोट भरण्याचे दिवस कठीण होत चाललेत. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक या दोन मोठ्या कंपन्यांनी एकत्र येण्याची घोषणा केली, त्यावरून बाजार किती हलतोय ते समजा.

पण अमुक गावचा लिलाव, यंदाच्या गारपिटीनंतरची बाग, खरी वारी, खरी माणसं, हे एआय बनवेल ते खोटंच असेल. बातमी-लेखवाल्याला खरंच लागतं. तुमची जागा तिथे आहे.

मग खरा पैसा कुठे आहे?

निफाडच्या पोराकडेच परत येऊ. त्याचे फोटो बघून जवळच्या एका द्राक्ष पॅकिंगवाल्याने विचारलं, "आमच्या खोक्यासाठी आणि व्हॉट्सअॅप कॅटलॉगसाठी फोटो काढून देशील का?" एका दिवसाचे ४,००० रुपये ठरले. वरच्याच हिशोबाने बघा, हे साधारण १४० डाउनलोडचे पैसे झाले. एका दिवसात!

एजन्सीने नाकारलेल्या प्रत्येक फोटोने त्याला उजेड, फोकस, स्वच्छ मांडणी शिकवली होती. ती शिकवणी फुकट मिळाली आणि गावातच गिऱ्हाईक मिळालं. मसाले करणारे बचत गट, घरगुती खानावळी, नर्सरी, पैठणीची दुकानं, या सगळ्यांना चांगले फोटो हवेत, आणि शहरातला फोटोग्राफर त्यांना परवडत नाही.

इथे एक सावधगिरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे गिऱ्हाइकाचे फोटो परस्पर एजन्सीवर टाकायचे नाहीत. काय कोणाचं, ते आधी लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी.

या आठवड्याचा गृहपाठ

• तुमच्या गावात रोज घडणाऱ्या, पण बाहेरच्या माणसाला काढता न येणाऱ्या दहा गोष्टींची यादी करा.
• त्यातली एक निवडा आणि मोबाईलवर सकाळच्या उजेडात वीस फोटो काढा. लोगो झाका.
• कोणाचा चेहरा येत असेल तर आधी बोला, मग काढा.
• एकाच एजन्सीवर खातं उघडून त्यातले सगळ्यात चांगले पाच टाका. नाकारले तर कारण वहीत लिहा.
• त्याच आठवड्यात गावातल्या एका दुकानदाराला त्याच्या मालाचे तीन फोटो काढून दाखवा.

या सगळ्याला खर्च शून्य. कॅमेऱ्याचा विचार फोटोंनी स्वतःच कमावलेले पैसे खात्यात जमतील तेव्हा करू.

यादी तयार झाली की कळवा. निवडक याद्यांवर पुढच्या व्हिडिओत बोलू.