जुन्या प्रोग्रॅमचे गाऱ्हाणे

समजा, वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत एक लहानसा छापखाना आहे. मालकांनी १९९४ साली पदरमोड करून संगणक घेतला आणि त्यावर विंडोज ३.१ वर चालणारे मराठी जुळणीचे पॅकेज बसवले. खिळे जुळवणारे हात कळफलकावर आले. पुढच्या दहा-बारा वर्षांत पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका, जत्रांची हस्तपत्रके, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, शाळांच्या स्मरणिका, कुणा घराण्याची वंशावळ असे सारे त्याच पॅकेजात टंकले गेले. तो संगणक कधीच भंगारात गेला. पण मुंबईत नोकरी करणाऱ्या पुतण्याने गणपतीच्या सुट्टीत नव्या संगणकावर 'लिनक्स' बसवले, त्यावर 'वाइन' नावाची एक सोय घातली आणि जुने पॅकेज पुन्हा सुरू करून दिले. जुन्या फाइली उघडू लागल्या. काका खूश झाले.

मग एके दिवशी संगणकाने नेहमीप्रमाणे 'अपडेट' घेतले, तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि पॅकेज उघडेना. फाइली जागेवर, पॅकेज जागेवर, 'वाइन'ही जागेवर. कशालाही हात लावलेला नाही. मग बिघडले काय?

छापखाना कल्पनेतला असला, तरी बिघाड कल्पनेतला नाही. २०१४ साली तो खरोखर घडला आणि त्याचा उलगडा मोठा बोधप्रद आहे. आपल्या घरातही जुन्या फ्लॉपी, सीडी आणि 'आता उघडत नाही' अशा फाइली असतील, तर या गोष्टीशी आपलाही संबंध आहे.

सोंगाचे दोन प्रकार

जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवणे म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. दशावतारात एका बाकड्याचे सिंहासन होते आणि दिवसभर कष्ट करणारा माणूस रात्री राजा होतो. सोंग चोख वठले, की पाहणारा त्या राजालाच खरे मानतो. संगणकाच्या जगात या सोंगाला 'इम्युलेशन' म्हणतात. जुन्या प्रोग्रॅमला वाटते, आपण १९९४ सालच्या यंत्रावरच आहोत. त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्या काळचे उत्तर मिळते आणि तो बिनतक्रार काम करतो.

या सोंगाचे दोन प्रकार आहेत. पहिले पूर्ण सोंग. २००२ साली आलेला 'डॉसबॉक्स' किंवा २००३ सालचा 'क्यूईएमयू' हे प्रोग्रॅम जुन्या संगणकाचा प्रोसेसर, पडदा, कळफलक असे सगळेच उभे करतात. जुना प्रोग्रॅम खऱ्या प्रोसेसरपर्यंत जातच नाही. दुसरे अर्धे सोंग, म्हणजे 'वाइन'. त्याची सुरुवात १९९३ सालची. इथे जुना प्रोग्रॅम थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतो. फक्त विंडोजने द्यायची उत्तरे 'वाइन' देते. 'आम्ही इम्युलेटर नव्हे' असे तर त्याच्या नावाच्या फोडीतच सांगितलेले आहे. याचा फायदा वेगाचा. तोटा असा, की पायाखालची जमीन हलली तर सोंग कोसळते. ही जमीन म्हणजे 'कर्नेल'.

गाभाऱ्यातला कारभार

कर्नेल म्हणजे लष्करातला कर्नल नव्हे. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा तो गाभा. देवळातला गाभारा डोळ्यांसमोर आणा. भक्ताने सभामंडपात उभे राहायचे, आत जायचे नाही. आपले म्हणणे गाऱ्हाणे घालणाऱ्यामार्फत देवाच्या कानावर घालायचे आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. संगणकातही व्यवस्था अशीच असते. स्मृतीची वाटणी, हार्डडिस्क, प्रोसेसरचा वेळ हे सारे कर्नेलच्या ताब्यात. प्रोग्रॅमने बाहेरून मागणी करायची, आतून उत्तर यायचे. बाहेरचा कुणी आत शिरला, तर सगळ्या संगणकाच्या किल्ल्या त्याच्या हाती जातात. म्हणूनच आत शिरण्याच्या फटी सतत बुजवल्या जातात आणि आपल्याकडे 'अपडेट' येत राहतात.

लिनक्सचे कर्नेल १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने लिहायला घेतले. आज जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. या मंडळींचा एक नियम टोरवाल्ड्स फार कडकपणे पाळायला लावतात : कर्नेलमध्ये हवे ते बदला, पण त्यामुळे लोकांचा चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. नियम चांगलाच आहे. पण फट बुजवणे आणि चालते ते चालू ठेवणे यांत कधी कधी भांडण लागते.

शून्य क्रमांकाचे घर

असे एक भांडण डॉसच्या प्रोग्रॅमवरून झाले. डॉसच्या काळात स्मृतीच्या अगदी पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या घरापासून पत्त्यांची एक वही असे. कळ दाबली किंवा घड्याळाचा ठोका पडला, की पुढे कुठे जायचे हे प्रोसेसर त्या वहीत पाही. नोंदी २५६, प्रत्येकी चार बाइटची. डॉसचे सोंग घ्यायचे तर हे शून्याचे घर हवेच.

पण नव्या काळात तेच घर चोरवाट ठरले. कर्नेलमध्ये काही चूक राहिली, तर ते भलत्या वेळी शून्य क्रमांकाच्या घरात डोकावते. तिथे एखाद्या लबाडाने आपला माल ठेवला असेल, तर कर्नेल तोच आपला समजून राबवते. म्हणून २००७ साली सुरुवातीची घरे सामान्य प्रोग्रॅमना बंद करण्याची सोय कर्नेलमध्ये आली. २००९ साली अशा चोरवाटा एकामागून एक उघडकीस आल्यावर ही कडी अधिक घट्ट झाली. लोकांचे संगणक सुरक्षित झाले आणि डॉसची सोंगे अडखळली.

२०१४ सालची गोष्ट

आता आपल्या छापखान्याचा बिघाड. विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम '१६ बिट'चे असत. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरपासून चालत आलेली ही पद्धत. आजचे प्रोसेसर ६४ बिटचे. तरीही त्यांच्यात जुन्या १६ बिटच्या आज्ञा समजण्याची थोडी सोय शिल्लक आहे आणि 'वाइन' तीच वापरते.

या सोयीत एक बारीक खोट होती. कर्नेलचे काम आटोपून प्रोसेसर १६ बिटच्या प्रोग्रॅमकडे परतताना एका आकड्याचा खालचा अर्धा भाग बदलत असे, वरचा अर्धा तसाच राही. त्या उरलेल्या भागात कर्नेलच्या आतल्या पत्त्याचा काही अंश असे. वरवर क्षुल्लक गोष्ट. पण घरफोड्याला तिजोरी कोणत्या खोलीत आहे एवढे कळले तरी पुरते. २०१४ च्या वसंतात कर्नेलवर काम करणारे एच. पीटर अन्विन यांनी सरळ उपाय केला. ६४ बिटच्या कर्नेलवर १६ बिटचे कामच बंद केले. इतके जुने प्रोग्रॅम आता कोण वापरणार, असाच सगळा रोख होता.

पण वापरणारे निघाले. 'वाइन'वर जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या लोकांनी तक्रारी केल्या. हे लोक खरेच आहेत आणि त्यांची कामे खरेच अडली आहेत, हे मान्य झाले. त्याच वर्षी मे महिन्यात टोरवाल्ड्स यांनी तात्पुरती खिडकी ठेवली : ज्याला गरज आहे त्याने, धोका पत्करून, एक बटण फिरवावे आणि १६ बिटची सोय पुन्हा चालू करावी. पुढे ऑगस्टमध्ये आलेल्या ३.१६ या कर्नेलमध्ये अन्विन यांनीच पक्का उपाय केला. फटही बुजली आणि जुने प्रोग्रॅमही चालू झाले.

सगळा मामला काही महिन्यांत मिटला, तो लोकांनी गाऱ्हाणे घातले म्हणून. गप्प बसते, तर 'कुणी वापरत नाही' हेच खरे ठरले असते.

विंडोजच्या घरात मात्र जुन्यांना अशी दाद मिळाली नाही. २००५ साली आलेल्या ६४ बिटच्या विंडोज एक्सपीत १६ बिटचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय ठेवलीच नाही. ३२ बिटच्या विंडोजवर ती पुढेही राहिली; पण २०२१ साली आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. म्हणजे तो आसराही संपत आला.

बिघाड शोधायचा कसा?

असा प्रसंग आला तर पहिली गोष्ट : घाबरून पॅकेज काढून पुन्हा बसवू नये. या खटाटोपात जुन्या फाइली आणि जुळवलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात. आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.

दुसरी गोष्ट, दोष कर्नेलचा आहे की नाही ते पाहावे. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत नवे कर्नेल आले तरी आधीचे एखादे ठेवलेले असते. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून ते निवडता येते. जुन्या कर्नेलवर पॅकेज चालले आणि नव्यावर चालले नाही, की चोर सापडला. दोन्हींवर चालले नाही, तर 'वाइन'मध्ये किंवा इतरत्र शोधावे.

तिसरी गोष्ट, संगणक काय म्हणतो ते वाचावे. चित्रावर क्लिक करून प्रोग्रॅम उघडला तर तो मुकाट्याने मिटतो. तोच टर्मिनलमधून सुरू केला, तर कुठे अडला ते लिहून दाखवतो. तो मजकूर शब्दशः उतरवून घ्यावा. मदत करणाऱ्याला 'चालत नाही' या दोन शब्दांपेक्षा त्याचा शंभरपट उपयोग होतो. आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, की कशाने गुण आला ते कळत नाही.

जुन्या कर्नेलवर कायमचा मुक्काम मात्र करू नये. बुजवलेल्या फटी तिथे उघड्याच असतात. टिकाऊ उपाय म्हणजे अर्ध्या सोंगाकडून पूर्ण सोंगाकडे जाणे. डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१ बसवता येते आणि त्याला कर्नेलच्या या सोयी लागत नाहीत. 'व्हर्च्युअलबॉक्स'सारख्या साधनांत आख्खा जुना संगणक उभा राहतो. पण त्याचा एक भाग कर्नेलला जोडलेला असल्यामुळे कर्नेल बदलले की तो नव्याने बांधावा लागतो. तेवढे विसरले, तर अपडेटनंतर पुन्हा तोच गोंधळ.

अक्षरे वाचवायची आहेत

मराठीपुरता मात्र यापुढेही एक प्रश्न उरतो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्र डॉसच्या काळात एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसवले जाई. ते कार्ड बसवायची खाचच आजच्या संगणकात नाही. जुळणीच्या कित्येक पॅकेजांना प्रिंटरच्या जागी लावायचे 'लॉक' लागे. ती जागाही गेली. प्रोसेसरचे सोंग घेता येते, हरवलेल्या लॉकचे घेणे कठीण.

म्हणून प्रोग्रॅम वाचवण्यापेक्षा त्यातला मजकूर बाहेर काढणे महत्त्वाचे. मजकूर १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकानुसार साठवलेला असेल, तर काम सोपे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतलेली आहे. पण बऱ्याच जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे आकार बसवले होते. फॉन्ट नसला की त्या फाइलीत निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अशा फॉन्टांसाठी प्रत्येकाचे वेगळे कोष्टक लागते. कोष्टक करायचे तर फॉन्ट हवा, आणि शक्य तर तो वापरलेला माणूसही हवा.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. त्या डच कंपनीचे दफ्तर हेग शहरात जपलेले आहे आणि जुने हस्ताक्षर लावता येणारा माणूस ते आजही वाचू शकतो. आपल्याकडे २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते सर्वांनी पाहिले. कागद शिल्लक होते, वाचणारे थोडे होते. तीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाइलींची गत त्याच वाटेने चालली आहे, फक्त कितीतरी वेगाने.

तेव्हा पॅकेज अजून चालते आहे, तोवरच कामाला लागावे. महत्त्वाच्या फाइलींची छापील प्रत काढावी, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, फॉन्टची फाइल सोबत ठेवावी आणि पॅकेजाचे व फॉन्टचे नाव एका कागदावर लिहून तो कागद जपावा. आणि अपडेटनंतर काही बंद पडले, तर नशिबाला बोल न लावता तक्रार करावी : कोणता प्रोग्रॅम, कोणते कर्नेल, कोणती अडचण. २०१४ साली दाद लागली ती तक्रार करणाऱ्यांना. जुने मराठी प्रोग्रॅम वापरणारे अजून आहेत, हे आपण सांगितल्याशिवाय हेलसिंकीतच काय, पुण्यातही कुणाला कळणार नाही.