शाबासकी कोण देतं?

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, चिमणीहूनही लहान पक्षी. आपल्याकडचे हौशी लोक पिंजऱ्यात पाळतात तोच. यात गातो तो फक्त नर, आणि गाणं त्याला जन्मतः येत नाही. साधारण २५ दिवसांचं झालं की पिल्लू बापाचं गाणं कानात साठवू लागतं. मग नुसतंच बरळतं, आणि ९० दिवसांच्या सुमारास एक गाणं पक्कं बसवतं. पुढे आयुष्यभर तेच. म्हणजे शिकायला हाताशी जेमतेम दोन महिने.

मला नवल वाटतं ते याचं, की चांगलं गायलं म्हणून त्याला कोणी दाणे टाकत नाही. मग सुधारणा होते कशी?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेसी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांना जरा फसवलं. मोठा नर गात असताना ठरावीक स्वरावर संगणकातून मध्येच आवाज सोडायचा, म्हणजे आपला स्वर बिघडला असं त्याला वाटावं. कधी सोडायचा, कधी नाही. स्वर बिघडला की मेंदूतल्या डोपामाइन पेशी मंदावत. बिघडेल असं वाटत असताना नीट लागला, तर त्या उसळत. पक्षी गप्प असताना तोच आवाज ऐकवला, तर काहीच नाही! हे २०१६ साली प्रसिद्ध झालं.

डोपामाइनला ‘सुखाचं रसायन’ म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. इथे ते हिशेबनिसाचं काम करतं : अपेक्षा किती होती, हाती किती आलं.

आणि पिल्लांचं काय? ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं, की सराव करणाऱ्या पिल्लाच्या मेंदूत डोपामाइन जास्त वाढतं ते त्याच्या अलीकडच्या पातळीपेक्षा स्वर सरस लागला तर. गेल्या आठवड्यात वाहवा मिळवून गेलेला स्वर आज लागला, तर विशेष काही नाही. मापपट्टीच वर सरकलेली असते. आमच्या गाण्याच्या मास्तरांची आठवण यावी, इतकी ही कडक शिस्त.

पण हा हिशेब एकांतातला. समोर मादी असली, की नराच्या मेंदूतला चुका टिपणारा संदेश जवळजवळ बंद पडतो, असं गोल्डबर्ग यांच्याच गटाला २०२३ मध्ये आढळलं. तेव्हा त्याच्या डोपामाइन पेशी उसळतात त्या तिनं मध्येच दिलेल्या सादेला.